डेबिट कार्ड निवडताय? आधी पासबुक उघडा!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डेबिट कार्डावर बोललो. बोलताना आकडे भराभर निघून जातात आणि मग "सर, तो चार्जेसचा भाग परत सांगा ना" असे मेसेज येतात. म्हणून सगळं इथे नीट लिहून देतोय. एक विनंती आहे. वाचताना तुमचं पासबुक जवळ घ्या. पासबुक नसेल तर मोबाईलवर गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट उघडा. त्याशिवाय या लेखाचा अर्धाच उपयोग होईल.

सुरुवात इंदिरानगरातल्या आपल्या बॅचमधल्या एका ताईंपासून करतो. त्यांना विचारून लिहितोय, फक्त नाव नको म्हणाल्या.

या ताई वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या बाजूला राहतात. घरूनच फराळाचा धंदा करतात. चकली, शेव, भाजणी, अनारसे. यंदाच्या दिवाळीत माल चांगला गेला. दिवाळीनंतरच्या शनिवारी बॅचला आल्या आणि म्हणाल्या, "सर, बँकेतले म्हणतात आता तुमचा व्यवहार वाढलाय, प्लॅटिनम कार्ड घ्या. लाउंज मिळतो म्हणे. घेऊ का?"

मी विचारलं, "ताई, शेवटचं विमानात कधी बसलात?"

त्या हसल्या. "अजून बसायचंय."

"मग आधी पासबुक दाखवा."

५४ पाकिटं कुठे गेली?

त्यांच्याकडे जे कार्ड होतं तेही साधं नव्हतं. खातं उघडताना "हेच घ्या, चांगलं आहे" म्हणून हातात दिलेलं. आम्ही मे ते ऑक्टोबर २०२५ असे सहा महिने घेतले आणि बँकेने कापलेली प्रत्येक रक्कम वहीत उतरवली. हे बघा:

• कार्डाचं वार्षिक शुल्क: ३०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये.

• दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून मोफत मर्यादेपेक्षा जास्त वेळा पैसे काढले: दर महिन्याला ३ वेळा, सहा महिन्यांत १८ वेळा. दर वेळी २३ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २७.१४. एकूण ४८८.५२ रुपये.

• खात्यात पैसे कमी असताना एटीएमवर मागितले, व्यवहार नाकारला गेला: ४ वेळा. दर वेळी २० रुपये अधिक जीएसटी. एकूण ९४.४० रुपये.

• एसएमएस अलर्ट: दोन तिमाहीचे मिळून ३५.४० रुपये.

बेरीज झाली ९७२ रुपये ३२ पैसे.

ताई म्हणाल्या, "हजाराच्या आतच आहे की, सर." बरोबर आहे, आकडा मोठा वाटत नाही. पण आपण धंदेवाले आहोत. आपण आकडा रुपयांत वाचायचा नाही, मालात वाचायचा. मी विचारलं, "पाव किलो चकलीच्या पाकिटामागे तुम्हाला सुटतात किती?" म्हणाल्या, "सगळा खर्च जाऊन अठरा रुपये."

९७२ भागिले १८. ५४ पाकिटं!

भाजणी दळून आणायची, उकड काढायची, सोऱ्या फिरवायचा, तळायचं, पॅक करायचं. अशी ५४ पाकिटं ताईंनी बँकेसाठी तळली. तेही फक्त सहा महिन्यांत, आणि कुणी फसवलेलं नाही. सगळी शुल्कं दरपत्रकात छापलेली आहेत. आपण ती वाचत नाही, एवढंच.

आता तुमच्या स्टेटमेंटमध्ये हेच चार आकडे शोधा. पुढचं मग वाचा.

एटीएमचा नियम: इंदिरानगरात पाच

वरच्या यादीत सर्वात मोठा आकडा एटीएमचा आहे, म्हणून तो आधी समजून घेऊ.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा: बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला किमान ५ व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर सहा महानगरांत ३ आणि बाकी ठिकाणी ५ मोफत. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद ही ती सहा महानगरं. नाशिक त्यात नाही. म्हणजे इंदिरानगरात तुम्हाला दुसऱ्या बँकेचे ५ मोफत आहेत, पण माल आणायला मुंबईला गेलात आणि तिथल्या एटीएमवर उभे राहिलात तर ३ चा नियम लागतो.

मर्यादा ओलांडली की १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये अधिक कर लागतो. त्याआधी २१ होते.

यात दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पहिली, शिल्लक बघणं हाही व्यवहार मोजला जातो. मशीनवर उगाच बॅलन्स बघू नका, ते मोबाईलवर बघा. दुसरी, "स्वतःच्या बँकेचं एटीएम" घरापासून किती लांब आहे, यावर तुमचा खर्च ठरतो. ताईंच्या घराजवळ कोपऱ्यावर जे एटीएम आहे ते दुसऱ्याच बँकेचं. त्यांच्या बँकेचं मुंबई नाक्याच्या बाजूला. घाईच्या वेळी कोण तिथपर्यंत जाणार? म्हणून महिन्याला आठ वेळा कोपऱ्यावर जायच्या आणि पाचशे-हजार काढायच्या.

उपाय साधा होता. आठवड्याला लागणारी रोकड सोमवारी एकदाच काढायची. महिन्याला चार वेळा. शुल्क शून्य.

रोज यूपीआय असताना कार्ड लागतंच कशाला?

हा प्रश्न दर बॅचला येतो. रास्त आहे. आज चहावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर आहे. तरी कार्ड चार ठिकाणी लागतं.

एक, यूपीआयचा पिन पहिल्यांदा बसवताना किंवा विसरल्यावर बदलताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख मागतात. आधार ओटीपीचा पर्याय आता आलाय, पण त्यासाठी आधारला तोच मोबाईल नंबर जोडलेला हवा.

दोन, रोकड. आपण नाशिककर, १९२८ पासून देशाच्या नोटा छापणाऱ्या गावचे. नोट अजून गेलेली नाही हे आपल्याला सांगायला नको. मार्केट यार्डात पहाटे, आठवडे बाजारात, टेम्पोवाल्याला रोख द्यावी लागतेच.

तीन, यूपीआय बंद पडलं तर. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही वेळ अडखळलं होतं, आठवत असेल. दुकानात माल बांधून तयार आणि पैसे जाईनात, अशा वेळी खिशातलं कार्ड कामाला येतं.

चार, मोठी खरेदी. मिक्सर, ओव्हन, पॅकिंग मशीन. यूपीआयची रोजची मर्यादा आड येते तेव्हा कार्ड चालतं.

म्हणजे कार्ड हवंच. प्रश्न एवढाच की कोणतं.

कार्ड निवडताना बँकेला विचारायचे सहा प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. काउंटरवर लाजायचं नाही. गिऱ्हाईक तुम्हाला "चकली कुठल्या तेलात तळली?" असं विचारतंच ना, तसंच आहे हे.

१. वर्षाला किती? पहिल्या वर्षी मोफत म्हणतात, दुसऱ्या वर्षाचं विचारा. आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. शुल्क बदलत राहतं. उदाहरणार्थ, स्टेट बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या क्लासिक कार्डाचं वार्षिक शुल्क १२५ वरून २०० रुपये केलं, कर वेगळा. म्हणून दर एप्रिलमध्ये दरपत्रक एकदा बघायची सवय लावा.

२. याच खात्यावर सगळ्यात स्वस्त कार्ड कोणतं? हा प्रश्न विचारल्याशिवाय ते कार्ड दाखवत नाहीत. मूलभूत बचत ठेव खात्याला तर मिनिमम बॅलन्सची अट नसते आणि एटीएम कार्डाचं वार्षिक शुल्कही नसतं. मात्र पैसे काढण्याची संख्या मर्यादित असते. घरखर्चाला अनेकांना तेवढं पुरतं.

३. रूपे, व्हिसा की मास्टरकार्ड? ही बँकांची नावं नाहीत, ही व्यवहार वाहून नेणारी जाळी आहेत. रूपे आपलं भारतीय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१२ मध्ये सुरू केलं. देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर तिन्ही सारखीच चालतात. रूपे बहुतेक वेळा स्वस्त पडतं. फरक पडतो तो परदेशी वेबसाइटवर. डिझाइनचं सॉफ्टवेअर, वेबसाइटचं भाडं अशा काही ठिकाणी रूपे घेत नाहीत. तुमच्या धंद्यात असा खर्च आहे का? नसेल तर रूपे पुरेसं आहे.

४. रोजची मर्यादा किती? एटीएमची वेगळी, दुकानातल्या मशीनची वेगळी. महागड्या कार्डाचा खरा उपयोग इथे असतो. कुणाला रोज पन्नास-साठ हजारांचा माल कार्डावर उचलायचा असेल तर वरचं कार्ड परवडेल. ताईंना दिवसाला दहा हजारांच्या वर कधीच लागले नव्हते.

५. विमा कशावर चालू राहतो? बऱ्याच कार्डांवर अपघात विमा असतो, पण कार्ड ठरावीक दिवसांत वापरलेलं असावं लागतं. जनधन खात्याच्या रूपे कार्डावर, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला, २ लाखांचा अपघात विमा आहे. त्याची अट म्हणजे अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाने एक तरी यशस्वी व्यवहार झालेला हवा. किती घरांत हे कार्ड कपाटात पडून असतं! महिन्याला एकदा तरी वापरा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला हा विमा आहे हे सांगून ठेवा.

६. ॲपमधून कार्ड बंद-चालू करता येतं का? हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून त्यावर पुढे वेगळं लिहितोय.

आपल्या नाशकात सहकारी बँकांचं जाळं मोठं आहे. नामको १९५९ पासून व्यापाऱ्यांची म्हणूनच ओळखली जाते. जवळची, ओळखीची बँक असेल तर काम पटकन होतं, हे खरं. तिथे खातं उघडताना हेच सहा प्रश्न विचारा आणि एक जास्तीचा विचारा: यूपीआय आणि मोबाईल ॲप दोन्ही चालू आहेत का? बाकी ठेव विमा सगळ्या विमाधारक बँकांना सारखाच, एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत.

"पिन कुणाकुणाला माहितीय?"

पासबुक झाल्यावर मी ताईंना हा प्रश्न विचारला. त्या सहज म्हणाल्या, "मला, मिस्टरांना आणि भाच्याला. तोच जातो ना एटीएमला. त्याने मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलाय."

भाचा चांगला मुलगा आहे, त्यावर शंका नाही. पण मोबाईल हरवला तर? त्याच्या मित्राने बघितला तर? आणि इथे ताईंच्या ५४ पाकिटांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली होती. त्या एकाच खात्यात घरखर्च, मुलीची फी आणि धंद्याचं भांडवल, सगळं होतं.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर नुकसान कोणी सोसायचं. थोडक्यात असं:

• चूक बँकेची असेल, तर तुमचं नुकसान शून्य.

• चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच गडबड झाली आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर शून्य.

• ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ठरावीक रकमेपर्यंत तुमच्यावर. मूलभूत बचत खात्याला कमाल ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या चालू खात्यांना कमाल १०,००० रुपये.

• ७ दिवसांनंतर कळवलं, तर बँकेच्या धोरणाप्रमाणे.

• चूक तुमची असेल, म्हणजे पिन किंवा ओटीपी तुम्ही कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं.

शेवटचा मुद्दा दोनदा वाचा. भाच्याला दिलेला पिन हाही "दिलेला पिन"च आहे. पिन वाटल्याबरोबर तुमच्या हातातला कायदा निम्मा सुटतो.

बँकांचीही चूक होते, आणि मोठी होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा होता. हल्ला बँकेच्या प्रणालीवर होता आणि ग्राहकांच्या खात्यांतली रक्कम सुरक्षित असल्याचं बँकेने तेव्हा सांगितलं. याच काळात जुन्या काळ्या पट्टीच्या कार्डांची जागा चिपच्या कार्डांनी घेतली, कारण नुसत्या पट्टीची नक्कल करणं सोपं असतं. अजून कुणाकडे बिनचिपचं कार्ड पडलं असेल तर आजच बदलून घ्या.

ताईंनी त्याच शनिवारी संध्याकाळी पिन बदलला. भाच्याला वाईट वाटलं का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, तुझ्यावर आळ यायला नको म्हणून बदललाय." किती छान उत्तर!

बंद ठेवा, लागेल तेव्हा उघडा

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आणखी एक चांगला नियम काढला. नवीन कार्ड मिळतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय चालू होत नाही. शिवाय प्रत्येक सोयीला तुम्ही तुमची मर्यादा लावू शकता.

पण आपण काय करतो? एकदा ऑनलाइन काही घ्यायचं असतं, सगळी बटणं चालू करतो आणि विसरतो. ॲप उघडून आत्ता बघा. ऑनलाइन चालू आहे? परदेशी चालू आहे? टॅप चालू असेल तर ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जाऊ शकतात. वापरत नसाल तर बंद करा किंवा मर्यादा पाचशेवर आणा.

दुकानाचं शटर आपण रात्री उघडं ठेवतो का? कार्डाचंही तसंच.

दोन खाती, दोन कार्डं

माझा आग्रह इथे सगळ्यात जास्त असतो. घराचं खातं वेगळं, धंद्याचं वेगळं. बचत खातं धंद्याच्या व्यवहारासाठी नसतं. रोजची ये-जा वाढली की बँक विचारणा करू शकते. शिवाय दोन्ही एकत्र असलं की वर्षअखेरीस नफा झाला की नाही, हेच कळत नाही.

चालू खात्याला उद्यम नोंदणी उपयोगी पडते. ती आधारवर होते, ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी, छोट्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये. एवढ्यावर बऱ्याच बँका मालकी व्यवसायाचं चालू खातं उघडून देतात. चालू खात्याला मिनिमम बॅलन्स किती, हे मात्र नीट विचारा. तिथे दंड मोठा बसतो. धंदा अगदी लहान असेल तर आधी दुसरं बचत खातं स्वतंत्र ठेवून शिस्त लावा आणि उलाढाल जमली की चालू खात्याकडे जा.

ताईंनी काय केलं? घराच्या खात्यावरचं जुनं कार्ड परत देऊन साधं रूपे कार्ड घेतलं. धंद्यासाठी चालू खातं काढलं. त्याच्या कार्डाला एटीएमची मर्यादा दहा हजार, ऑनलाइन बंद, परदेशी बंद. प्लॅटिनम राहिलं.

गिऱ्हाईकाचं कार्ड आलं तर

पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे. शहरात बाहेरगावचे लोक येतील, तुमच्याकडेही कार्ड पुढे करतील. म्हणून दुसरी बाजूही माहीत हवी.

गिऱ्हाईकाने रूपे डेबिट कार्ड वापरलं तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला व्यवहार शुल्क शून्य. इतर डेबिट कार्डांवर, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के. म्हणजे हजाराच्या बिलावर चार रुपये. क्रेडिट कार्डाला यापेक्षा बरंच जास्त. मशीनचं महिन्याचं भाडं वेगळं असतं. तेव्हा मशीन घेण्याआधी महिन्याला किती गिऱ्हाईकं कार्ड काढतात हे मोजा. पाच-सातच असतील तर क्यूआरवर भागवा.

डिजिटल पैसे घेण्याचा एक फायदा आयकरात आहे. कलम ४४एडीखाली अंदाजित नफा धरताना रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून, कार्डाने किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के धरता येतो. १० लाखांच्या विक्रीवर हा फरक ८०,००० आणि ६०,००० असा पडतो.

पैसे अडकले तर

माझीच गोष्ट सांगतो. एकदा एटीएमने तीन हजार दिले नाहीत, पण खात्यातून कापले. बँकेत गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "येतील हो, थांबा थोडे दिवस." मी पंधरा दिवस थांबलो. नियम माहीत नव्हता.

नियम २० सप्टेंबर २०१९ चा आहे. एटीएममधून पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेने ते परत जमा करायचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. म्हणून पावती ठेवा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

आणि फसवणूक झाली असेल तर क्रम असा:

१. ॲपमधून कार्ड लगेच बंद करा.

२. बँकेच्या हेल्पलाइनला फोन करा, तक्रार क्रमांक घ्या. ही हेल्पलाइन कार्डाच्या मागे लिहिलेली असते. कार्डच हरवलं तर? म्हणून नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर असतात.

३. १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पहिला तास फार मोलाचा.

४. लेखी तक्रार बँकेत द्या आणि पोच घ्या. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची असते.

५. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीचा नंबर १४४४८.

आणि ताईंचा फोन

हा लेख लिहायचं खरं कारण आता सांगतो. गेल्या महिन्यात एका सकाळी साडेसातला ताईंचा फोन आला. आवाज घाबरलेला.

लग्नसराईतली रुखवताची मोठी ऑर्डर मिळाली होती. मालासाठी ॲडव्हान्स आलेला, धंद्याच्या खात्यात ४१,००० रुपये. हाताने सोऱ्या फिरवून खांदा भरून यायचा, म्हणून चकलीचं मशीन शोधत होत्या. मोबाईलवर जाहिरात दिसली, अर्ध्या किमतीत. ऑनलाइनचं बटण चालू केलं, कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले. पैसे गेलेच नाहीत, साइट अडकली. ताईंनी बटण परत बंद केलं आणि झोपल्या.

रात्री दोन वाजून गेल्यावर बँकेचे तीन मेसेज आले होते. परदेशी चलनातले तीन व्यवहार, तिन्ही नाकारलेले. कारण परदेशी व्यवहार बंद होते. परदेशी साइटवर ओटीपी विचारतातच असं नाही, त्यामुळे बटण उघडं असतं तर सकाळी फक्त पैसे गेल्याचे मेसेज दिसले असते.

मी म्हटलं, "ताई, पैसे आहेत ना खात्यात?"

"आहेत सर. सगळे आहेत. पण हात थांबेना थरथरायचा."

मी त्यांना ते कार्ड कायमचं बंद करून नवीन मागवायला सांगितलं, कारण नंबर आता बाहेर गेलेला होता. नवीन कार्डाला दीडशे-दोनशे रुपये लागले. म्हणजे आठ ते अकरा पाकिटं. यावेळी मोजून बघितल्यावर त्या म्हणाल्या, "ही पाकिटं मी आनंदाने तळीन."

आजचा गृहपाठ

पंधरा मिनिटांचं काम आहे. पुढच्या रविवारपर्यंत करून टाका.

• सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमधली सगळी शुल्कं लिहा, बेरीज करा आणि ती तुमच्या मालाच्या नफ्याने भागा.

• घराजवळचं एटीएम कोणत्या बँकेचं आहे ते बघा. रोकड आठवड्याला एकदाच काढायची सवय लावा.

• ॲप उघडून परदेशी, ऑनलाइन आणि टॅप ही तीन बटणं तपासा.

• पिन तुमच्याशिवाय कुणाला माहीत असेल तर आज बदला.

• बँकेची हेल्पलाइन आणि १९३० हे दोन नंबर सेव्ह करा.

• घर आणि धंदा एकाच खात्यात असेल तर दुसरं खातं कधी उघडणार, ती तारीख वहीत लिहा.

तुमच्या भागाकाराचं उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा. चकली नसेल तर पापड, पिशव्या, मेणबत्त्या, जे काय विकता त्यात सांगा. पुढच्या व्हिडिओत चालू खातं उघडताना लागणारी कागदपत्रं एकेक करून बघू.

भेटू या. धंदा जपा, आणि कार्डाचं शटर खाली ठेवा!